दमदमची गोळी

कुठेही युद्ध पेटले की काही दिवसांत एक आरोप हटकून ऐकू येतो: समोरच्यांनी ‘डमडम’ गोळ्या झाडल्या. लगेच दुसरी बाजू म्हणते, आम्ही नाही, तुम्हीच. ऐकणाऱ्याला एवढेच कळते की ही काही साधी गोळी नसावी. कुणाला वाटते ती अंगात शिरून फुटते, कुणाला वाटते ती विषारी असते. प्रत्यक्षात तिच्यात स्फोटक नसते, विष नसते, कसली कळही नसते. टोकावरचे धातूचे आवरण थोडे कमी ठेवलेली शिशाची गोळी, एवढेच तिचे रूप. तरीही १८९९ मध्ये जगातल्या बहुतेक बड्या राष्ट्रांनी हेगला जमून तिच्यावर बंदी घातली, आणि आज त्याच तत्त्वावर घडवलेल्या गोळ्या कित्येक देशांतले पोलीस कमरेला लावून फिरतात. सैनिकाला मना असलेली गोळी पोलिसाला चालते कशी, याचे उत्तर तिच्या नावात आणि त्या नावामागच्या इतिहासात आहे. त्यासाठी कोलकात्याच्या उत्तरेकडच्या दमदम या उपनगरापासून सुरुवात करावी लागते.

दमदमा आणि दमदम

‘दमदमा’ हा फारसीतून आलेला शब्द मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला परका नाही. वेढा घातलेल्या किल्ल्यावर मारा करता यावा म्हणून माती, दगड किंवा लाकडे रचून जो उंच चौथरा उभारत, तो दमदमा. नाशिकजवळच्या रामशेजला १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला, तेव्हा शहाबुद्दीन खानाने असा लाकडी दमदमा उभारल्याची हकिकत खाफीखानाने लिहून ठेवली आहे. त्यावर पाचशे माणसे उभी राहू शकत, असे तो सांगतो. गडावरच्या मराठ्यांकडे धड तोफा नव्हत्या. त्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडे मढवले आणि त्यांतून मारा केला, हेही त्याच हकिकतीत येते.

कोलकात्याजवळच्या गावाचे नाव याच शब्दावरून, तिथल्या एका उंचवट्यामुळे पडले असे मानतात. ईस्ट इंडिया कंपनीने १७८३ मध्ये बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे इथे केले. १८५३ मध्ये ते मीरतला हलले, पण दारूगोळ्याचा कारखाना आणि कोठारे दमदमलाच राहिली. बंगाली माणूस हे नाव ‘दॉमदॉम’ असे उच्चारतो. इंग्रजांनी रोमन लिपीत त्याचे जे स्पेलिंग केले, ते वाचून आपण ‘डमडम’ म्हणू लागलो. म्हणून मराठीत रेल्वे स्टेशन दमदम आणि गोळी मात्र डमडम. जुन्या मराठी घरांत हे नाव आणखी एका वाटेने आले होते. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९२०च्या दशकाच्या अखेरीस दमदमला उभा राहिला आणि नाट्यगीते, भावगीते, लावण्या यांच्या तबकड्या पुढे कित्येक वर्षे तिथून घडून येत राहिल्या.

गोळी जन्मायच्या आधी दमदमचे नाव एका काडतुसामुळे इतिहासात आले होते. १८५७च्या जानेवारीत नव्या एन्फिल्ड रायफलीचे शिक्षण देण्यासाठी तिथे एक केंद्र सुरू झाले. तिथल्या कोठारात काम करणाऱ्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. विटाळाच्या भीतीने शिपायाने नकार दिला. त्यावर खलाशी म्हणाला, एवढा तोरा कशाला, लवकरच गायीची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे तुला दातांनी तोडावी लागणार आहेत. ही गोष्ट छावणीत पसरली, छावणीतून पलटणींत गेली, आणि काही महिन्यांतच उत्तर हिंदुस्थान पेटला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी याच गावाने जगाला दुसरा एक शब्द दिला.

शिसे, धूर आणि वेग

डमडम गोळी का बनवावी लागली, हे कळण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत बंदुकीत काय बदलले ते पाहायला हवे.

तोवर बंदुकीची गोळी म्हणजे उघड्या शिशाचा जाडजूड गोळा. १८७१ पासून ब्रिटिश सैन्यात असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास जाड आणि सुमारे ३१ ग्रॅम वजनाची होती. काळ्या दारूच्या जोरावर ती सेकंदाला जेमतेम ४०० मीटर वेगाने सुटे. शिसे मऊ, त्यामुळे अंगात शिरताच गोळी चपटी होई, हाड लागले तर हाडाचा चुरा करी. जखम भयंकर होई, पण त्या काळात कुणी तिला अमानुष म्हटले नाही. सगळ्यांच्याच गोळ्या तशा होत्या.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू शोधली आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती लेबेल रायफल आली. या दारूमुळे गोळीचा वेग एकदम वाढला. पण वाढलेल्या वेगाला उघडे शिसे टिकेना. नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये ते खरवडून चिकटे, खाचा बुजत आणि नेम बिघडे. यावर उपाय निघाला तो शिशाला कठीण धातूचे कवच चढवण्याचा. स्वित्झर्लंडच्या एडवर्ड रुबिन याचे यातले काम महत्त्वाचे. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल घेतली. तिची गोळी तांबे-निकेलच्या पातळ कवचात बंद केलेली, ७.७ मिलिमीटर जाड, सुमारे १४ ग्रॅम वजनाची आणि सेकंदाला सहाशे मीटरच्या वेगाने जाणारी होती. इंचांत हे माप ०.३०३. आपल्याकडे पोलीस जिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणत आले, आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीवर जी काही पोलिसांच्या हातात होती, ती रायफल याच काडतुसाच्या वंशातली.

आता थोडा हिशेब मांडून पाहू. वजन निम्म्याहून कमी झाले, वेग दीडपट झाला. गोळीत किती जोर आहे हे मोजताना वेगाचा वर्ग घ्यायचा असतो. त्यामुळे दोन्ही गोळ्यांची नळीतून सुटतानाची ऊर्जा जवळपास सारखीच, अडीच हजार ज्यूलच्या आसपास भरते. म्हणजे नवी गोळी दुबळी नव्हती. फरक पडला तो हा जोर अंगात उतरण्याच्या रीतीत. जुनी गोळी शरीरात पसरून आपला बहुतेक जोर तिथेच सोडून देई. नवी गोळी कवचामुळे आकार न बदलता, निम्म्याहूनही कमी जागा कापत आरपार निघून जाई आणि उरलेला जोर पलीकडच्या मातीत घालवी. हाडाला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला लागली नाही, तर मागे राहणारे भोक बारीक आणि स्वच्छ असे. शल्यचिकित्सकांना हे बरेच वाटले. युरोपातल्या युद्धांत आता जखमी माणूस लवकर बरा होईल, असेही काहींनी लिहिले.

सरहद्दीवरच्या ब्रिटिश सैनिकांना मात्र ते बरे वाटले नाही.

बर्टी-क्लेची दुरुस्ती

१८९५ मध्ये वायव्य सरहद्दीवर चित्रालच्या किल्ल्यात अडकलेल्या तुकडीला सोडवण्यासाठी मोठी मोहीम निघाली. ली-मेटफर्डची खरी परीक्षा तिथे झाली आणि तक्रारी येऊ लागल्या: गोळी लागूनही माणूस थांबत नाही, तलवार घेऊन अंगावर येतच राहतो. डोंगरातल्या लढाईत शत्रू पन्नास पावलांवर असताना तो संध्याकाळी जखमेने मरेल की आठवड्याने, याला सैनिकाच्या लेखी काही अर्थ नसतो. तो आत्ता, इथे पडला पाहिजे. जुन्या मार्टिनी-हेन्रीने हे होत असे, म्हणून ती बरी, अशी चर्चा सुरू झाली. हिंदी पलटणींकडे तेव्हा मार्टिनी-हेन्रीच असे. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीला लढलेल्या २१ शीख सैनिकांच्या हातातही तीच होती. ली-मेटफर्ड मिळे ती गोऱ्या पलटणींना.

दमदमच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी यावर तोडगा काढला आणि तो अगदी साधा होता. गोळी तीच, वजन जवळपास तेच, काडतूस तेच. फक्त टोकावरचे कवच काढून साधारण एक मिलिमीटर शिसे उघडे ठेवले. नळीच्या खाचांना जी बाजू घासते तिथे कवच शाबूत राही, म्हणून नळी खराब होत नसे. पण गोळी अंगात शिरली की दाब सर्वात आधी त्या उघड्या, मऊ टोकावर येई. शिसे मागे दबे, बाजूंना पसरे आणि कवचाच्या कडा फाटून मागे वळत. गोळीला अळंबीसारखे डोके फुटे. रुंदावलेली गोळी जास्त मांस कापत जाई, तिचा वेग लवकर उतरे, आणि जो जोर आधी पलीकडे वाया जाई तो आता शरीरात खर्च होई. म्हणजे मार्टिनी-हेन्रीच्या उघड्या शिशाचा गुण नव्या रायफलीत परत आणला, एवढेच बर्टी-क्लेंनी केले. कारखान्याच्या नावावरून सैनिक तिला दमदमची गोळी म्हणू लागले.

१८९७-९८ मध्ये मलाकंद आणि तिराहच्या मोहिमांत ती आफ्रिदी आणि इतर पठाण टोळ्यांवर झाडली गेली. तेव्हा तेविशीच्या आसपास असलेला विन्स्टन चर्चिल मलाकंदच्या मोहिमेत वार्ताहर म्हणून गेला होता. १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोहिमेवरच्या पुस्तकात त्याने या गोळीच्या करामतीचे वर्णन केले आहे. तंत्र म्हणून त्याला तिचे कौतुक वाटले. ती हाडाला लागल्यावर काय होते तेही त्याने झाकले नाही.

त्याच सुमारास सुदानमध्ये जनरल गॅटॅकर यांच्या ब्रिटिश ब्रिगेडकडे कवचबंद गोळ्याच होत्या, तर सैनिकांना बसवून त्या गोळ्यांची टोके कानशीने घासून घेतली गेली. हा उद्योग धोक्याचा होता. कवचबंद गोळीचे बूड बहुधा उघडे असते, कारण शिसे तिथूनच भरलेले असते. टोकही घासून उघडे केले की कवचाची दोन्ही तोंडांनी मोकळी नळी उरते. बार झाला की आतले शिसे पुढे सुटून जाऊ शकते आणि कवच बंदुकीच्या नळीतच अडकून बसते. मग दुसरा बार काढणाऱ्याचीच धडगत नसते. नंतरच्या युद्धांत ज्या ज्या सैनिकांनी खंदकात बसून चाकूने गोळ्यांची टोके कापली, त्यांनी हाच धोका पत्करला.

इथे नावाची पहिली गडबड झाली. ब्रिटिशांनी लगोलग इंग्लंडमध्ये, वुलिच इथे, याच हेतूच्या नव्या गोळ्या काढल्या. त्यांत टोकाला पोकळी ठेवलेली चौथ्या नमुन्याची गोळी गाजली. तिची घडण वेगळी, कारखाना वेगळा. पण जगाने तिलाही डमडमच म्हटले. मूळ दमदमची गोळी फार तर दोन-चार वर्षे वापरात राहिली. नाव मात्र तेव्हापासून पसरणाऱ्या प्रत्येक गोळीला चिकटले.

हेगचा वाद

रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या पुढाकाराने १८ मे १८९९ रोजी हेगला शांतता परिषद सुरू झाली. शस्त्रांना लगाम घालण्याची एक वहिवाट तोवर पडली होती. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या युद्धात न वापरण्याचे ठरले होते. त्यामागचा विचार असा: युद्धाचा रास्त हेतू शत्रूचे सैन्य दुबळे करणे हा आहे; त्यासाठी माणूस लढायला निकामी झाला की पुरे, त्याच्या यातना वाढवण्यात काही अर्थ नाही. हेगला हेच सूत्र पसरणाऱ्या गोळ्यांना लावायचा प्रस्ताव आला.

परिषदेच्या आधी युरोपात वातावरण तापवले होते ते ट्युबिंगेनचे शल्यचिकित्सक पाउल फॉन ब्रून्स यांच्या प्रयोगांनी. त्यांनी टोक उघडे असलेल्या गोळ्यांनी होणाऱ्या जखमा किती भीषण असतात ते दाखवले. ब्रिटिशांनी तक्रार केली की ब्रून्स यांनी वापरलेल्या शिकारी गोळ्यांत दमदमच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त शिसे उघडे होते. तक्रारीत तथ्य होते, पण ती ऐकून घ्यायला उशीर झाला होता.

ब्रिटिश प्रतिनिधी मेजर जनरल सर जॉन आर्डा यांनी मग जी बाजू मांडली, तिने सगळा मामला उघड केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की तो ओळखतो की आपण जखमी झालो, आणि लवकर उपचार व्हावेत म्हणून मागे जातो. ‘रानटी’ माणूस मात्र दोन-तीन गोळ्या आरपार गेल्या तरी पुढेच येतो. त्याला थांबवायला अशीच गोळी हवी. रशियाच्या प्रतिनिधीने रानटी आणि सुसंस्कृत असा भेद करणे माणुसकीला धरून नाही, असे तिथेच सुनावले. म्हणजे गोळीची चर्चा करता करता परिषद एका अवघड प्रश्नावर येऊन ठेपली: ही गोळी कुणावर झाडलेली चालते?

दुसरा, कमी गाजलेला आक्षेप अमेरिकेच्या कॅप्टन विल्यम क्रोझियर यांचा होता. ते स्वतः शस्त्रास्त्र विभागातले. त्यांचे म्हणणे असे की, गोळीच्या घडणीचे वर्णन करून बंदी घालू नका. उद्या वेगळ्या घडणीची, पण याहून क्रूर जखम करणारी गोळी निघेल आणि ती तुमच्या शब्दांच्या बाहेर राहील. बंदी घालायची तर परिणामावर घाला: माणसाला लढायला निकामी करण्यापुरती गरज नसताना उगाच जास्त क्रूर जखम करणारी गोळी, मग ती कशीही बनवलेली असो, वर्ज्य ठरवा. परिषदेने हे मानले नाही. शेवटी ठराव झाला तो मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांविरुद्ध, आणि उदाहरण म्हणून गाभा पूर्ण न झाकणारे किंवा चिरा दिलेले कवच सांगितले गेले. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात गेले, पोर्तुगाल तटस्थ राहिला. ब्रिटन आणि पोर्तुगाल १९०७ मध्ये ठरावात सामील झाले. अमेरिका आजतागायत झालेली नाही.

ठरावात एक कलम असेही होते की तो लागू होईल तो फक्त सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धांत. आफ्रिदी, सुदानी, झुलू यांनी हेगला सही केली नव्हती आणि त्यांना कुणी बोलावलेही नव्हते. ज्यांच्यासाठी ही गोळी बनवली, त्यांना वाचवण्याचे काम या बंदीने केलेच नाही. आर्डांचा युक्तिवाद सभागृहात हरला, पण व्यवहारात बराचसा टिकून राहिला.

गोळीपेक्षा आरोप मोठा

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. ठराव ब्रिटनवर अजून बंधनकारक नव्हता, तरी पसरणाऱ्या गोळ्या या युद्धातून काढून घ्यायचे ब्रिटिशांनी ठरवले. समोर युरोपीय वंशाचा शत्रू होता हे एक कारण. शिवाय पोकळ टोकाच्या गोळीचे कवच नळीत सुटून येत असल्याच्या तांत्रिक तक्रारीही होत्या. बोअर शेतकऱ्यांकडे मात्र शिकारीच्या रायफली आणि शिकारीची काडतुसेही होती. झाले असे की, दोन्ही बाजू एकमेकांवर डमडमचा आरोप करत राहिल्या आणि जप्त केलेल्या गोळ्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकत राहिले.

इथपासून ‘डमडम’ हा शब्द कारखान्यातून सुटून प्रचाराच्या हाती गेला. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याने अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना तार करून फ्रेंच आणि ब्रिटिश डमडम वापरत असल्याची तक्रार केली. फ्रेंच अध्यक्ष पॉइन्कारे यांनी उलट जर्मनांवर तोच ठपका ठेवला.

या आरोपाची पडताळणी इतकी कठीण का, ते जखमेच्या शास्त्रात दडलेले आहे. डॉक्टरला दिसते ती जखम. गोळीची घडण त्याला क्वचितच दिसते. आणि भीषण जखम करायला टोक उघडे असावेच लागते असे नाही. ब्रिटिशांनी १९१० मध्ये थ्री नॉट थ्रीची सातव्या नमुन्याची, टोकदार गोळी आणली. ती पूर्ण कवचबंद होती, म्हणजे हेगच्या शब्दांत निर्दोष. पण तिच्या टोकात शिशाऐवजी हलके अ‍ॅल्युमिनियम, पुढे लाकडाचा किंवा कागदाचा लगदा भरलेला असे. त्यामुळे वजन बुडाकडे सरकले. हवेत गोळी फिरकीच्या जोरावर सरळ जाई. अंगात शिरताच तिचा तोल जाई आणि ती आडवी होऊन कोलांटी खाई. ७.७ मिलिमीटरच्या भोकातून शिरलेली गोळी आत आपल्या पूर्ण लांबीने मांस कापत जाई. कायदा पाळला गेला आणि जखमही तितकीच वाईट झाली. क्रोझियर यांनी जी भीती घातली होती, ती अकरा वर्षांत खरी ठरली.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेची एम-१६ रायफल आली तेव्हा हाच खेळ पुन्हा दिसला. तिची ५.५६ मिलिमीटरची गोळी पूर्ण कवचबंद. पण जवळच्या अंतरावर तिचा वेग इतका असतो की शरीरात आडवी होताना ती मधल्या खाचेवर मोडते आणि तिचे तुकडे वेगवेगळ्या दिशांनी पसरतात. अमेरिकी लष्करातले शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी १९८०च्या दशकात जिलेटिनच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडून त्यांचे मार्ग मोजले. नुसता वेग किंवा नुसती ऊर्जा पाहून जखमेचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. गोळी आत गेल्यावर पसरते, आडवी होते की मोडते, आणि किती खोलीवर, यावर सारे अवलंबून. याआधीच १९७९ मध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत अशा बारीक, वेगवान गोळ्यांबाबत राष्ट्रांनी सबुरी बाळगावी असा ठराव झाला होता. बंदी मात्र झाली नाही.

हरणाला सक्तीची, सैनिकाला मना

युद्धाबाहेर या गोळीचे स्थान अगदी उलटे आहे. शिकारीत पसरणारी गोळी हीच रीत; जनावर जखमी होऊन पळू नये, लगेच मरावे, हा तिथला दयेचा विचार. इंग्लंडमध्ये तर रायफलीने हरीण मारायचे असेल तर पसरणारी गोळीच वापरली पाहिजे, असे १९९१चा हरिणांविषयीचा कायदा सांगतो. ज्या देशाने हेगला ही गोळी शत्रूसाठी मागितली, त्या देशात ती आज हरणासाठी सक्तीची आहे.

पोलिसांचा हिशेब आणखी वेगळा. गजबजलेल्या स्टेशनात किंवा चाळीच्या बोळात कवचबंद गोळी झाडली, तर ती गुन्हेगाराच्या आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. पोकळ टोकाची गोळी बहुधा पहिल्याच शरीरात थांबते, आणि एकाच गोळीत काम झाले तर पुढच्या गोळ्या झाडाव्या लागत नाहीत. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने १९९८ मध्ये अशा गोळ्यांकडे वळायचे ठरवले तेव्हा मुख्य कारण हेच दिले होते. शिवाय पिस्तुलाच्या गोळीचा वेग रायफलीच्या गोळीपेक्षा पुष्कळ कमी. म्हणून पसरलेल्या पिस्तुलाच्या गोळीची जखम बऱ्याचदा कवचबंद रायफलीच्या गोळीच्या जखमेपेक्षा सौम्य असते. ‘डमडम’ या एकाच नावाखाली या दोन्ही गोळ्या कोंबल्या की चर्चेचा विचका होतो.

अलीकडे युद्धाचा कायदाही हळूहळू गोळीच्या घडणीऐवजी तिच्या वापराचा हेतू पाहण्याकडे सरकला आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या १९९८च्या रोम कराराने दोन राष्ट्रांच्या युद्धात अशा गोळ्या वापरणे हा युद्धगुन्हा ठरवला. २०१० मध्ये युगांडाची राजधानी कंपालामध्ये देशांतर्गत युद्धांनाही तोच नियम लावण्याची दुरुस्ती झाली. पण त्या दुरुस्तीसोबत एक खुलासाही नोंदवला गेला: यातना निरर्थकपणे वाढवण्यासाठी गोळी वापरली असेल तरच गुन्हा. म्हणजे, ओलिसांना सोडवताना मागच्या माणसाला गोळी लागू नये म्हणून ती वापरली, तर नाही. १८९९ मध्ये पडलेला क्रोझियर यांचा विचार १११ वर्षांनी मागच्या दाराने कायद्यात आला तो असा. अमेरिकेने पुढे २०१५च्या आपल्या युद्धकायद्याच्या पुस्तिकेत अशा गोळ्या सरसकट निषिद्ध नाहीत अशी भूमिका घेतली, आणि नव्या लष्करी पिस्तुलासाठी पोकळ टोकाचे काडतूसही घेतले. बहुतेक राष्ट्रांच्या आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या मते मात्र सैनिकासाठी ही बंदी आजही सर्वांना लागू आहे.

म्हणून बातमीत ‘डमडम’ शब्द आला की लगेच हळहळू किंवा चिडू नये. आधी तीन गोष्टी विचाराव्यात. गोळी प्रत्यक्ष सापडली आहे की फक्त जखमेवरून अंदाज बांधला आहे? ती रायफलीची होती की पिस्तुलाची? आणि झाडणारा सैनिक होता की पोलीस? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळा देऊ शकते. तिसऱ्याचे उत्तर आता पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे, कारण बऱ्याच देशांत सैन्य शहरांतल्या गल्ल्यांत बंडखोरांशी लढते आणि पोलीस लष्करी रायफली घेऊन फिरतात. समोरचा माणूस युद्धातला शत्रू आहे की कायद्यापुढचा गुन्हेगार, हे ठरवणारा बऱ्याचदा गोळी झाडणाराच असतो. हेगला आर्डांनी ‘रानटी’ आणि ‘सुसंस्कृत’ यांत जी रेघ ओढली होती, तिचे शब्द आज कुणी उच्चारणार नाही. पण गोळीची निवड समोरचा कोण आहे यावरून करायची, हा त्यांचा हिशेब अजून मोडीत निघालेला नाही.